भेटीची वेळ



या व्यासपीठावरून दर वसंतात थोर विद्वान बोलून जातात. मी विद्वान नव्हे. माझे शाळेचे शिक्षण दहावीपाशी संपले. पुढले जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. गेली तीस वर्षे कामगारांच्या मागण्या मांडणे, करार घडविणे आणि झालेले करार पाळले जातात की नाही यावर नजर ठेवणे, हाच माझा उद्योग. अशा माणसाने मुलांच्या मनाविषयी काय बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. मी मानसशास्त्र सांगणार नाही. मी एका लढ्याचा इतिहास सांगणार आहे. हा लढा पगारासाठी नव्हता. आजारी मुलाला आईबापांनी किती वेळ भेटावे, एवढ्याशा प्रश्नावर तो इंग्लंडात झाला, आणि त्याचा आरंभ ज्याने केला तो एके काळी एका बालगृहात बॉयलर सांभाळीत असे.

प्रथम त्या काळची रीत पाहू. १९४९ साली लंडनच्या इस्पितळांत मुलांना भेटण्याच्या वेळा काय होत्या, याची एक यादी प्रसिद्ध झाली. गायज् इस्पितळात आईबापांनी रविवारी दुपारी दोन ते चार या वेळात यावे. सेंट टॉमसमध्ये पहिला महिनाभर भेट नाही; मात्र संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान मूल झोपलेले असताना त्याला पाहून जाण्यास हरकत नाही. आणखी एका इस्पितळात तीन वर्षांखालच्या मुलांना भेटावयाचे नाही. आईबापांनी पडद्याआडच्या काचेतून पाहावे.

आज हे वाचताना कोणालाही राग येईल. परंतु हे नियम करणारी माणसे दुष्ट नव्हती, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. बाहेरून येणारा माणूस रोगाची लागण आणतो, ही भीती खोटी नव्हती. प्रतिजैविक औषधे येण्यापूर्वी गोवर-घटसर्पाची साथ वॉर्डात शिरली तर काय होत असे ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. दुसरे कारण असे की, आई येऊन गेली की मूल रडते आणि आई आलीच नाही तर चार-सहा दिवसांत ते गप्प होते. परिचारिका म्हणत, मूल रुळले. त्यातच त्या काळचे काही पंडितही कडक होते. अमेरिकेतील वॉट्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली पुस्तक लिहून पालकांना बजावले की मुलांना कवटाळू नका, मांडीवर घेऊ नका, सकाळी उठल्यावर त्यांच्याशी हस्तांदोलन करा म्हणजे झाले. आपल्या आज्यांनी हे वाचले असते तर त्या पोट धरधरून हसल्या असत्या. पण तिकडे शिकलेल्या घरांतून हा उपदेश मानला जात होता.

या समजुतीला पहिला धक्का दिला तो युद्धाने. १ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरने पोलंडवर स्वारी केली आणि त्याच दिवशी इंग्लंडातील मोठ्या शहरांतून मुले खेड्यांकडे पाठविण्यास सुरुवात झाली. पहिल्या तीन दिवसांत सुमारे १५ लाख माणसे हलविण्यात आली. त्यांत आईबापांवाचून, केवळ शिक्षकांच्या सोबतीने गेलेली आठ लाखांवर शाळकरी मुले होती. कोटाला नावाची चिठ्ठी अडकविलेली, खांद्याला विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा टांगलेला, अशी ती मुले परक्या गावातील सभागृहात उभी राहत आणि गावकरी येऊन त्यांतून आपल्याला हवे ते मूल निवडून नेत. शेवटपर्यंत कोणी न निवडलेल्या मुलाच्या मनात काय झाले असेल, याची कल्पना आपणच करावी.

बाँबपासून मुलांचे प्राण वाचविण्यासाठी केलेली ही योजना होती. तिला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण तीन डॉक्टरांनी, बोल्बी, मिलर आणि विनिकॉट यांनी, त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पत्र लिहून इशारा दिला की दोन ते पाच वर्षांची मुले आईपासून तोडली तर त्यांच्या मनाला गंभीर इजा पोहोचेल. सुझन आयझॅक्स या बाईंनी केंब्रिजला आलेल्या मुलांची पाहणी केली. तिचा वृत्तांत १९४१ साली निघाला. त्यांनी मुलांना दोन साधे प्रश्न लिहावयास दिले होते: येथे तुला काय आवडते? आणि येथे तुला कशाची उणीव भासते? एवढ्या मोठ्या योजनेत मुलांनाच काही विचारावे हे सुचले ते फार थोड्यांना, आणि त्यांत या बाई होत्या.

लंडनमध्ये हॅम्पस्टेड येथे ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी १९४१ च्या आरंभी युद्धकाळातील मुलांसाठी बालगृहे काढली. त्यांच्या ध्यानात जे आले त्याने अनेकांना नवल वाटले. आईच्या कुशीत राहून बाँबवर्षावाची रात्र काढलेली मुले पुष्कळदा त्यातून सावरत. परंतु सुरक्षित खेड्यात एकटी ठेवलेली मुले अंथरूण ओले करू लागत, बोलणे विसरत, खाणे टाकीत. म्हणजे मुलाला घर पडल्यापेक्षा आई दिसेनाशी झाल्याचे भय अधिक होते. हे ओळखून त्या बायांनी मुलांचे लहान लहान कुटुंबासारखे गट केले, प्रत्येक गटाला आपली अशी एक बाई दिली, आणि आईबापांना वाटेल तेव्हा येऊन भेटण्याची मुभा ठेवली.

याच बालगृहात बॉयलर आणि किरकोळ दुरुस्त्या सांभाळण्यासाठी जेम्स रॉबर्टसन नावाचा मनुष्य नोकरीस होता. १९११ साली ग्लासगोजवळच्या रदरग्लेन गावी कामगार कुटुंबात त्याचा जन्म झाला होता. त्याची पत्नी जॉईस तेथेच मुलांची देखभाल शिकत होती. ॲना फ्रॉइड यांचा एक नियम मला फार आवडतो. मुलांविषयी ज्याला जे दिसेल ते त्याने चिठ्ठीवर लिहून द्यावे; मग तो डॉक्टर असो, दाई असो की बॉयलरवाला. आणि त्या चिठ्ठ्यांवर सर्वांनी बसून विचार करावयाचा. कारखान्यात यंत्राचा बिघाड पहिल्याने ऐकू येतो तो त्यावर उभ्या असलेल्या कामगाराला, पण त्याला कोणी विचारीत नाही. येथे विचारले गेले, आणि त्यातून एक निरीक्षक घडला.

युद्धानंतर रॉबर्टसनने समाजकार्याचे शिक्षण घेतले. १९४८ साली बोल्बी यांनी त्याला टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये घेतले आणि इस्पितळातल्या लहान मुलांचे निरीक्षण करण्याचे काम दिले. तो वॉर्डात जाऊन बसू लागला. डॉक्टर फेरी मारून जात, परिचारिकांच्या पाळ्या बदलत. हा मात्र तासन् तास एकाच मुलाकडे पाहत बसे. त्याला तीन पायऱ्या दिसल्या. पहिल्या पायरीवर मूल आकांत करते, दाराकडे धावते, कोणालाही जवळ येऊ देत नाही. दुसरीवर आकांत थांबतो. मूल मलूल होऊन पडून राहते, मधूनच मुसमुसते. तिसऱ्या पायरीवर ते पुन्हा खाऊ-खेळू लागते, येईल त्या परिचारिकेकडे पाहून हसते. पण आई आली तर तिला ओळख दिल्यासारखे करीत नाही. तिने आणलेल्या खाऊकडे पाहते, तिच्याकडे पाहत नाही. ज्याला इस्पितळ ‘रुळणे’ म्हणत होते ते हे होते. मुलाने तक्रार करणे सोडले होते, कारण तक्रार ऐकणारे कोणी नाही अशी त्याची खात्री पटली होती.

रॉबर्टसनने हे तज्ज्ञांना सांगितले तेव्हा त्यांनी मान हलविली. आमच्या वॉर्डात असे नाही, म्हणाले. मग त्याने ठरविले की बोलण्यापेक्षा दाखवावे. चित्रपटाचा कॅमेरा त्याने त्यापूर्वी कधी हातात घेतला नव्हता. शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या मुलांच्या यादीतून एक नाव निवड न करता सहज उचलले, म्हणजे मुद्दाम रडके मूल शोधले असे कोणी म्हणू नये. रोज ठरल्या वेळी चित्रण करावयाचे आणि चित्रात भिंतीवरचे घड्याळ दिसावे, म्हणजे सोयीचे तेवढे टिपले असेही कोणी म्हणू नये. आरोपपत्राला उत्तर देणाऱ्या माणसाने पुरावा कसा जमवावा, याचा हा धडाच आहे.

ते मूल म्हणजे लॉरा. वय दोन वर्षे पाच महिने. नाभीजवळच्या अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठी १९५१ साली आठ दिवस इस्पितळात. योगायोगाने ती विलक्षण शांत आणि स्वतःला सावरून धरणारी मुलगी निघाली. ती फारशी रडत नाही. मधूनच चेहरा वेडावाकडा होतो, ती तो सावरते, आई कुठे गेली म्हणून हळूच विचारते आणि पुन्हा आपल्या अस्वलाशी खेळू लागते. आई भेटीस येते तेव्हा दिवसागणिक ती आईशी अधिकाधिक परक्यासारखी वागते. शेवटच्या दिवशी घरी जावयाचे कळताच आठ दिवसांचे रडणे एकदम बाहेर पडते. आपल्या साऱ्या वस्तू गोळा करून ती निघते, पण आईने पुढे केलेला हात धरीत नाही. घरी गेल्यावर काही दिवस ती नीट झोपत नव्हती, चिडत होती. मग पूर्ववत झाली. सहा महिन्यांनी तो चित्रपट चुकून तिच्या दृष्टीस पडला. ती खवळली. तेव्हा तू कुठे होतीस, असे तिने आईला विचारले, आणि रडत वळली ती बापाकडे.

येथे मला थोडे स्वतःविषयी सांगितले पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील त्यांत होते. मी बारा वर्षांचा होतो. वार्षिक परीक्षा होताच वडिलांनी मला एस.टी.त बसवून राजापूरकडे गावी, आजी-काकांकडे पाठविले. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. घरात दोन वेळा चूल पेटत नव्हती. पण किती दिवसांसाठी जातो आहेस, हे मला कोणी सांगितले नाही. पहिले पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी फाट्यावर जाऊन एस.टी.ची वाट पाहत असे. पुढे ते सोडले. गणपतीला वडील येऊ शकले नाहीत. आले ते पुढल्या शिमग्याला. मी पाया पडलो आणि गुरांना पाणी दाखवावयास निघून गेलो. काकी म्हणाली, “पोर कसं शहाणं झालंय बघा, काही मागणं नाही, काही हट्ट नाही.” वडील काही बोलले नाहीत. ते ओट्यावर बसून राहिले. कितीतरी वर्षांनी वाचनालयात लॉराची हकीकत वाचताना मला तो ओटा दिसला, आणि त्या दिवशी आम्हा दोघांचे काय झाले होते ते समजले. तोवर वडील राहिले नव्हते.

असो. नोव्हेंबर १९५२ मध्ये रॉबर्टसनने हा चित्रपट लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये डॉक्टर-परिचारिकांपुढे दाखविला. सभा संतापली. हा आमच्या पेशाचा अपमान आहे, हे मूल अपवाद आहे, चित्रपट मागे घ्या, असा गलबला झाला. मात्र त्या श्रोत्यांत डर्मोड मॅकार्थी नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. तेही रागावून गेले. पण आपल्या वॉर्डात परतल्यावर त्यांना मुलांचे तेच रडणे ऐकू येऊ लागले जे आजवर कानांवर पडूनही ऐकू आले नव्हते. त्यांनी ॲमरशॅम येथील आपल्या वॉर्डाची दारे आयांना उघडली. रॉबर्टसनचा १९५८ सालचा दुसरा चित्रपट, आईसह इस्पितळात गेलेल्या मुलाचा, तेथेच घेतलेला आहे. न्यूकॅसलला जेम्स स्पेन्स हे तर युद्धाच्या कितीतरी आधीपासून आयांना मुलांजवळ राहू देत होते. म्हणजे हे अशक्य नव्हते; करावयाचे नव्हते इतकेच.

१९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीचा अहवाल आला. भेटीवर बंधने नकोत, लहान मुलांच्या आयांना सोबत राहता यावे, अशा तिच्या शिफारशी होत्या. सरकारने त्या मान्य केल्या, आणि बहुतेक इस्पितळांत फारसे काही बदलले नाही! आम्हा युनियनवाल्यांना याचे नवल नाही. करार कागदावर होतो आणि खात्यात मुकादम जुनेच चालवितो. शेवटी १९६१ साली रॉबर्टसनने वर्तमानपत्रात लेख लिहिले, दूरचित्रवाणीवर आपली चित्रे दाखविली आणि आईबापांना सांगितले की आता तुम्हीच उठा. लंडनच्या बॅटर्सी भागातील काही आयांनी संघटना उभारली. सरकारी शिफारस काय आणि इस्पितळातला प्रत्यक्ष नियम काय, याची पाहणी करून त्या विचारणा करू लागल्या. ही संघटना पुढे देशभर पसरली आणि हळूहळू दारे उघडली.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी जो अहवाल लिहिला त्यात आईवरच सारा भार होता. त्याचा आधार घेऊन बायकांनी कारखाने सोडून घरी बसावे, पाळणाघरे नकोत, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. हा अर्थ टिकला नाही. १९७२ साली मायकेल रटर यांनी सारा पुरावा पुन्हा तपासून दाखविले की मूल एकापेक्षा अधिक माणसांशी घट्ट नाते जोडते, त्यांत बापही येतो. खुद्द रॉबर्टसन पतिपत्नींनी आईवेगळी काही मुले थोडे दिवस स्वतःच्या घरी सांभाळली. एकच माणूस सतत जवळ असल्याने ती बरीच सावरली. उलट १९६९ सालच्या त्यांच्या चित्रपटातला सतरा महिन्यांचा जॉन नऊ दिवस बालगृहात राहून पार खचला, कारण तेथे पाळ्या बदलत होत्या आणि त्याचे असे कोणीच नव्हते. तेव्हा मुलाला हवे असते ते आपले म्हणता येईल असे, पुन्हा पुन्हा येणारे माणूस. ती आईच असावी आणि तिने नोकरी करू नये, असा त्याचा अर्थ नाही. कामकरी स्त्रियांना हे निक्षून सांगितले पाहिजे.

आपल्याकडे काय? मुलांच्या मनाचा विचार आपल्याकडे उशिरा आला असे नव्हे. मुंबईत १९३७ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले होते. आणि आपल्या सरकारी इस्पितळांत मुलाच्या खाटेखाली सतरंजी टाकून आई, मावशी किंवा आजी झोपलेली असतेच. इंग्लंडने ज्यासाठी भांडण केले ते आपल्याला जागेच्या आणि माणसांच्या टंचाईने आपोआप मिळाले. पण मित्रहो, इस्पितळातली भेटीची वेळ आपण कधी बांधली नाही. ती बांधली आपल्या घरात. बाप सकाळी सातला निघतो, रात्री नऊला येतो; आई दुसऱ्या पाळीला. घरातल्या मोठ्या मुलाला आईबापांची भेट रविवारी दोन ते चार!

मी यातला गुन्हेगार आहे. तिच्या परवानगीने सांगतो, माझी मुलगी दहावीत असताना पूर्वीसारखी भांडेनाशी झाली. खोलीत बसे, विचारले तर ‘काही नाही’ म्हणे. मी समजलो, पोर अभ्यासाला लागली, शहाणी झाली. माझ्या काकीचा तोच शब्द! पत्नी म्हणाली, “अहो, ती हसलेली मला दोन महिन्यांत आठवत नाही.” मग मी संध्याकाळच्या बैठका सोडून तिच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसू लागलो. पहिले आठ-दहा दिवस ती बोललीच नाही. उपदेश करण्याची माझी सवय मी दातांखाली धरून ठेवली. एका रात्री म्हणाली, “बाबा, मी तुम्हाला दोनदा सांगायला आले होते. तुम्ही फोनवर होतात.” तिला कित्येक आठवडे झोप नव्हती, जगणे नकोसे वाटत होते. आम्ही तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. वर्षभर उपचार चालले. आज ती नोकरी करते आणि माझ्याशी पुन्हा भांडते. ते भांडण ऐकून मला बरे वाटते.

या साऱ्यातून मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. भांडणारे, रडणारे, दार आपटणारे मूल आपल्याशी अजून बोलत असते. त्याच्या रडण्याला भिऊन दूर होऊ नये. पूर्वी भांडणारे मूल एकाएकी गप्प झाले, मित्र टाकू लागले, झोप-जेवण बिघडले, तर त्याला शहाणे म्हणून सोडू नये. त्याला जावे लागणार असेल, घर बदलणार असेल, नोकरी गेली असेल, तर खरे काय ते आधी सांगावे. मुले खऱ्याला तोंड देतात, अंधाराला देऊ शकत नाहीत. आयझॅक्सबाईंचे दोन प्रश्न अधूनमधून विचारावेत आणि उत्तर येईपर्यंत बसून राहावे. जगणे नको अशी भाषा मुलाने केली तर ती धमकी समजू नये. सरळ विचारावे, त्याला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. त्यात लाज कसली? हात मोडला तर आपण लपवितो काय? भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आणि शेवटी माझ्या पेशाचे दोन शब्द. जवळ बसावयास वेळ लागतो, आणि वेळ हा मागून घ्यावा लागतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांसाठी रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. ती १० जून १८९० रोजी मिळाली. त्या रविवारी मुंबईच्या चाळींतून कितीतरी मुलांनी आपला बाप दिवसाच्या उजेडात घरी पाहिला असेल. आठ तासांच्या दिवसाकडे आम्ही आजवर मजुरीचा प्रश्न म्हणून पाहिले. तो मुलांचाही प्रश्न आहे, हे आम्हाला फार उशिरा उमगले. पुढल्या कराराच्या मसुद्यात मुलाच्या आजारपणासाठी आणि परीक्षेच्या दिवसांसाठी आईबाप दोघांनाही रजा मिळावी, हे कलम घालावे असा आमच्या युनियनमध्ये माझा आग्रह चालू आहे. मालक हसतात, आमच्यातलेही काही हसतात. रॉबर्टसनलाही वॉर्डात हसले होते.

 घरी मुले जागी असतील. मी अधिक वेळ घेत नाही.